पाऊण टाकी आणि तिसरी गाठ

अमरावतीहून निघताना आमच्या सामानात चिवड्याचे दोन डबे, मेतकूट, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक ठाम मत होतं. मत अर्थातच ह्यांचं. लहान मुलूख वेगळा झाला की त्याचं भलं होतं, हे ते मत. माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन वऱ्हाडात आले तेव्हापासून वेगळ्या विदर्भावर आमचा वाद चालू आहे. तो मिटला तर जेवताना बोलायचं काय, असा प्रश्न पडेल. ह्यांनी जन्मभर बँकेत नोकरी केली, एकाही मोर्चाला गेले नाहीत, पण रोज संध्याकाळी पानठेल्यावर विदर्भ वेगळा करूनच घरी येत. त्यामुळे आमच्या लेकीनं, मुक्तानं, सिंगापूरला बोलावलं तेव्हा मला नात भेटणार याचा आनंद झाला आणि ह्यांना पुरावा मिळणार याचा.

“एवढंसं गाव,” विमानात हे सांगत होते, “मलेशियातून फुटून निघालं. ना शेत, ना खाण, ना प्यायला पाणी. आणि आज पाहा! आपल्याकडं तर कापूस आहे, संत्री आहेत, कोळसा आहे.”

“आधी पट्टा बांधा,” मी म्हटलं.

विमान खाली यायला लागलं तशी समुद्रात उभी असलेली जहाजं दिसली. हे मोजायला लागले आणि थोड्या वेळानं त्यांनी नाद सोडला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती सगळी ह्यांनीच आणून उभी केली होती.

मुक्ता आणि आमचे जावई समीर यिशुनला राहतात. बेटाच्या उत्तरेला सरकारनं बांधलेल्या घरांची ही वस्ती. उंच उंच इमारती, प्रत्येकीवर भलामोठा नंबर, आणि खिडक्यांतून बाहेर आलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे. समीर पाया लेबारला एका कंपनीत अकाउंटंट आहेत. सकाळी एमआरटीनं (तिथली मेट्रो) जातात आणि संध्याकाळी इस्त्री न मोडता परत येतात, याचं मला फार नवल वाटायचं. नात इरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. मी पोळीवर तुपाची धार धरली की म्हणायची, “आजी, नो नीड लाह!” हा ‘लाह’ तिथे सगळेच वाक्याच्या शेपटीला लावतात. आपण ‘ना’ किंवा ‘की’ लावतो तसाच.

शेजारच्या घरात सरोजा अक्का राहतात. वय माझ्याच आसपास, तमिळ, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी त्या इडल्यांचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. आमची दोस्ती व्हायला एक पातेलं पुरलं. त्यांचं इंग्रजी तमिळ चालीचं, माझं मराठी चालीचं. दोघींचंही मोडकं, म्हणून छान जमलं. मला त्या ‘मुक्ता-मम्मी’ म्हणत.

पहिला आठवडा ह्यांचा पुरावे गोळा करण्यात गेला. समीरनी आम्हाला तांजोंग पगारचं रेल्वे स्टेशन दाखवलं. स्टेशन सिंगापूरच्या पोटात, पण रूळ, फलाट आणि खालची जमीन मलेशियाची. देश वेगळे झाले, रेल्वे वाटायची राहिली. तिथून गाडीत बसताना मलेशियाचे अधिकारी आधी तुम्हाला आपल्या देशात घेतात, मग गाडी तासभर सिंगापूरमधून धावते आणि अगदी शेवटी सिंगापूरवाले तुम्हाला बाहेर सोडतात. म्हणजे घरात शिरल्यावर मागाहून उंबरा ओलांडायचा. हे बराच वेळ डोकं खाजवत उभे होते. नागपूर स्टेशन मुंबईच्या ताब्यात राहिलं तर काय होईल, असा विचार चालला असावा. 

पाण्याचंही तसंच. निम्म्याहून जास्त शहर शेजाऱ्याच्या पाण्यावर जगतं असं कळलं, आणि शेजारी रागावला तर काय, या धास्तीनं इथल्या लोकांनी सांडपाणी शुद्ध करून प्यायचं यंत्र उभारलंय. त्या पाण्याची बाटली समीरनी पाहायला म्हणून आणून दिली. मी हात लावला नाही. ह्यांनी मात्र तत्त्वाचा प्रश्न म्हणून ती डोळे मिटून प्यायली.

“कसं आहे?” मी विचारलं.

“पाण्यासारखं,” हे म्हणाले. पण लगेच त्यावर कोपी (साखर-दूध घातलेली तिथली कडक कॉफी) मागवली.

एका दुपारी अक्कांच्या स्वयंपाकघरात मी खोबरं खवत होते. हे दारातल्या खुर्चीत. ह्यांनी मोठ्या उत्साहानं विचारलं, “अक्का, तुम्ही लोकांनी स्वतंत्र देश मागितला तेव्हा मोर्चे मोठे निघत असतील ना?”

अक्का हसल्या. “कुठला मोर्चा? आम्ही मागितलाच नव्हता. आम्हाला काढलं. पासष्ट साली एका सकाळी रेडिओवर सांगितलं, आजपासून तुम्ही वेगळे. माझी आई डाळ धूत होती. ती म्हणाली, मग आता हे पाणी कोणाचं?”

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “न मागता?” ते मला मराठीत म्हणाले. “आम्ही इतकी वर्षं मागून राहिलो, आम्हाला कोणी देत नाही. आणि यांना नको होतं तर हातात ठेवलं!” त्या धक्क्यानं ते फिरायला निघून गेले. म्हणून पुढची गोष्ट त्यांनी ऐकली नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

अक्कांचे वडील यिशुनजवळच इंग्रजांच्या आरमारी तळावर कामाला होते. दोन्ही मुलं तिथल्याच चाळीत जन्मली. देश वेगळे झाले तेव्हा थोरला भाऊ गोविंदन पलीकडे, मलेशियातल्या जोहोरला एका रबराच्या मळ्यावर नुकताच कारकून लागला होता. आधी जोहोरला जाणं म्हणजे पुलावरून पलीकडे जाणं, एवढंच. मग पुलावर कागद मागायला लागले. भावाला इकडे नोकरी हवी तर परवाना हवा, तो मिळेना. दोन वर्षांत नाणी वेगळी झाली. मग इंग्रजांनी आरमार हलवलं आणि वडिलांची नोकरी गेली. म्हातारा-म्हातारी मुलाकडे जोहोरला गेली. अक्कांचं लग्न इथे झालेलं, त्या इथेच राहिल्या. “अण्णा मला म्हणायचा, तुमच्या देशात खायला-प्यायला काही राहणार नाही, माझ्याकडे परत येशील. आता आमचा एक डॉलर दिला की त्यांचे दोन रिंगिट मिळतात, वर चिल्लर. त्याचा त्याला राग. मी कधी बोलून दाखवलं नाही हं. पण राग येतो तर येतो.”

इथवर त्या हसत सांगत होत्या.  सात-आठ वर्षांपूर्वी त्यांची आई वारली. फोन आल्या आल्या अक्का बसनं निघाल्या. सुट्टीचा दिवस, पुलावर वाहनं तुंबलेली. बस मध्येच उभी ती उभीच. दुपारी त्या पोचल्या तेव्हा भावानं अग्नी देऊन टाकला होता. “मी म्हटलं, माझ्यासाठी थांबला का नाहीस? तो म्हणाला, लोक दारात ताटकळलेत, तुझ्या देशातून तू कधी येणार हे मला काय ठाऊक? त्यानंतर आम्ही बोललो नाही, मुक्ता-मम्मी. आईचा चेहरा मला दिसला नाही.”

खोबऱ्याची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. 

आता त्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. त्यांच्या घराण्यात ताली (मंगळसूत्र) बांधताना पहिल्या दोन गाठी नवरा मारतो आणि तिसरी नवऱ्याची बहीण. मुलाला बहीण नाही, तेव्हा हा मान आत्याचा. भावानं पत्रिका पाठवली होती आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘तिसरी गाठ सरोजाची.’ एवढंच. ते वाक्य त्यांनी मला बोटानं दाखवलं.

“मग आदल्या दिवशी जाऊन राहा की,” मी म्हटलं.

“कशी राहू? आधी ये, असं तोंडानं कोणी म्हटलं नाही. पत्रिका मुहूर्ताची आहे. मी मुहूर्तालाच जाणार.”

मानपान म्हणजे काय ते साताऱ्याच्या बाईला कोणी शिकवायला नको. मी तो विषय सोडला. पण त्यांच्या मनात काय चाललंय ते उघड होतं : यावेळी उशीर झाला आणि भाऊ पुन्हा थांबला नाही, तर आता माहेर उरलंच नाही.

अक्कांनी आम्हा सगळ्यांना आग्रहानं लग्नाला बोलावलं. समीरनी दोनच महिन्यांपूर्वी जुनी गाडी घेतली होती, तिनंच जायचं ठरलं. मलेशियाचा व्हिसा मुक्तानं आमच्याकडून नागपूरच्या एजंटामार्फत आधीच काढून ठेवायला लावला होता, आणि सिंगापूरचाही पुन्हा आत येता येईल असा घेतलेला. यिशुनहून जोहोर म्हणजे अमरावतीहून बडनेरा. त्याला दोन दोन व्हिसा!

आदल्या संध्याकाळी समीर म्हणाले, “बाबा, पेट्रोल भरून येतो. पूल ओलांडताना टाकी पाऊण भरलेली लागते, तसा नियम आहे.”

हे खुर्चीतून उठले. “काहून? तिकडं निम्म्या दरात मिळते म्हणता ना पेट्रोल?”

“म्हणूनच तर नियम आहे. नाहीतर सगळेच रिकामी टाकी घेऊन तिकडे जातील आणि भरून येतील. इथल्या सरकारचा कर बुडेल.”

हे गाडीत जाऊन काटा बघून आले. “पाऊणच आहे. एक बोटभर कमी असेल. काट्यात डोकं घालून कोण पाहून राहिलं, समीरराव? उद्या येताना तिकडंच फुल करू. जाऊ द्या ना बाप्पा.”

समीर सांगलीकडचे. सासऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही हे त्यांच्या रक्तात. परदेशात सगळे नियम पाळणारा हा माणूस, पण सासऱ्यापुढे विरघळला. मीही तेव्हा आत लाडूचा डबा बांधत होते. ह्यांना अक्कांची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

उजाडता उजाडता आम्ही निघालो. अक्का गडद हिरव्या रेशमी साडीत, केसांत मोगरा, मांडीवर फळं-नारळ-हळदकुंकवाचं पितळी ताट. आमच्या पुढे-मागे अर्धं सिंगापूर निघालेलं. कोणी तिकडे भाजी घ्यायला, कोणी केस कापायला, कोणी फक्त जेवायला. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. अक्का घटकेघटकेला घड्याळ बघायच्या आणि पदर सारखा करायच्या. तरी वेळ हातात होता.

तपासणीच्या जागी एक गणवेशातला तरुण अधिकारी वाकला. त्यानं आमच्याकडे, ताटाकडे, मोगऱ्याकडे कुणाकडेही पाहिलं नाही. त्यानं काट्यात डोकं घातलं.

“सर, पाऊण नाही,” तो म्हणाला.

“बोटभर तर कमी आहे,” हे मागून म्हणाले.

“येस सर. बोटभर कमी.”

दंड झाला तो झालाच, वर गाडी मागे वळवायची, पेट्रोल भरायचं आणि पुन्हा त्याच रांगेच्या शेवटी लागायचं. समीरनी मान खाली घातली. मुक्तानं वडिलांकडे पाहिलं. अक्का ताटावरचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या. तेव्हा मी ह्यांना मराठीत, एका दमात, सगळं सांगितलं : आई, अग्नी, पूल, तिसरी गाठ. ह्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. पस्तीस वर्षांत मी ह्यांना वादात कधी एवढं गप्प केलं नव्हतं, आणि त्याचा मला काही आनंद झाला नाही.

“चला,” हे एकदम म्हणाले. “गाडी त्यांना आणू द्या. आपण बसनं जाऊ.”

समीरनी आम्हा तिघांना बसथांब्याजवळ सोडलं. सरकत्या जिन्यानं वर, मोठ्या दालनात पासपोर्ट दाखवून पलीकडे खाली. बघतो तर बस एकामागे एक, हत्तींच्या वरातीसारख्या उभ्या. एकही हलेना. अक्का त्या बसकडे बघून पांढऱ्या पडल्या. “तशीच बस,” त्या पुटपुटल्या. “तशीच.”

“तुम्ही पुढे व्हा,” मी म्हटलं, “तुम्हाला रांगा कमी.”

“एकटी नाही. या पुलावर मी एकटी जाणार नाही.”

काही माणसं पिशव्या घेऊन सरळ कडेनं चालत निघाली होती. समुद्रावरचा तो भरावाचा पूल जेमतेम किलोमीटरभर. ह्यांनी अक्कांच्या हातातलं ताट घेतलं, रुमालाची चुंबळ केली आणि सरळ डोक्यावर ठेवलं. जन्मात ह्यांनी घरात पाण्याचा तांब्या उचलला नव्हता.

मग आमची वरात निघाली. पुढे सफारीतले हे, डोक्यावर नारळ. मागे रेशमी साड्यांतल्या आम्ही दोघी. एका बाजूला धूर सोडणाऱ्या गाड्या, शेकडो मोटारसायकली. कडेनं भलेमोठे पाण्याचे पाइप. मोटारसायकलवरची पोरं हॉर्न वाजवून हात करत होती. ऊन चढलेलं. ह्यांच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता, पण हात ताटाला, पुसणार कसा? मी मध्येमध्ये पदरानं पुसत होते. भर पुलावर, परदेशात, परक्या लोकांदेखत. साताऱ्यात कळलं असतं तर मला माहेरी घेतलं नसतं.

“हे पाइप जोहोरचं पाणी आमच्याकडे आणतात,” अक्का धापा टाकत म्हणाल्या. “आणि एक आमच्याकडून धुऊन-गाळून थोडं परत नेतो. त्यांचंच पाणी, पुन्हा विकत.”

“म्हणजे पाणी बिनपासपोर्टचं दोन्हीकडं फिरून राहिलं,” हे म्हणाले.

निम्म्या वाटेवर अक्कांचा गुडघा धरला. त्या कठड्याशी टेकल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “झालं. पुन्हा झालं. तुम्ही जा. ताट द्या त्याला.”

हे ताटासकट वळले. “अक्का, पस्तीस वर्षं मी वेगळं राज्य पाहिजे म्हणून बोंबलून राहिलो. त्याच्यासाठी एक पाऊल चाललो नाही. आज पहिल्यांदा चाललो आहे, ते तुमच्या माहेरासाठी. आता तुम्ही इथं बसलात तर मी हे नारळ समुद्रात टाकतो. उठा पाहू.”

हे सगळं त्यांनी वऱ्हाडी मराठीत सांगितलं. अक्कांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्या उठल्या. मी त्यांच्या कमरेला हात घातला आणि आम्ही चालत राहिलो.

जोहोरच्या बाजूला पुन्हा रांग. पण पुढच्या एका मलाय आजींनी मागे वळून मोगरा आणि ताट पाहिलं, ‘काह्विन?’ (लग्न?) असं विचारलं आणि मग लोकांनीच आम्हाला हातानं पुढे सरकवलं. शिक्के बसले, टॅक्सी मिळाली. देवळाच्या गल्लीच्या तोंडाशीच नादस्वरम (त्यांची सनई) ऐकू आलं. अक्का म्हणाल्या, “संपलं. वाद्यं वाजतात म्हणजे ताली बांधली.”

देवळाबाहेर, रस्त्यावर, भर उन्हात एक उंच म्हातारा अनवाणी उभा होता. पांढरी वेष्टी (तमिळ धोतर), खांद्यावर जरीचं उपरणं. टॅक्सी थांबायच्या आत त्यानं दार उघडलं.

“उशीर,” तो म्हणाला.

“पूल,” अक्का म्हणाल्या.

“ठाऊक आहे. वाजंत्र्यांना सांगितलंय, थांबायचं नाही. भटजींना सांगितलंय, मंत्र हळू म्हणा.” मग तो अक्कांजवळ वाकला. हे सगळं तमिळमध्ये चाललं होतं. अक्कांनी मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, “तेव्हाही थांबायला हवं होतं, सरोजा. माझं चुकलं.”

 भावानं त्यांचं मनगट धरलं आणि तो त्यांना जवळजवळ ओढतच आत घेऊन गेला. आम्ही मागून धावलो. नवरा मुलगा दोन गाठी मारून, दोरा दोन्ही हातांत धरून तसाच अवघडून बसला होता. नवरीची मान खाली. भटजींचा मंत्र एवढा लांबला होता की ते स्वतःच आता पुढचा शब्द शोधत असावेत. अक्कांनी तिसरी गाठ मारली. वाद्यं एकदम जोरात झाली, अक्षता उडाल्या. हे अजून डोक्यावर ताट घेऊनच उभे होते. कोणीतरी ते उतरवून घेतलं.

केळीच्या पानावर जेवण झालं. सांबार, तीन भाज्या, आंब्याचं लोणचं, पापड. मुक्ता, समीर आणि इरा पायसमच्या (खिरीच्या) वेळी पोचले, पूर्ण भरलेल्या टाकीसह. समीरना पंगतीत सगळ्यात आधी ह्यांनी स्वतः वाढलं. “समीरराव, यापुढं माझं ऐकू नका,” हे म्हणाले. समीर म्हणाले, “बरं बाबा.” पण ते ऐकणारच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

गोविंदन अण्णा आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचं इंग्रजी जुन्या कारकुनी वळणाचं, स्वच्छ. नवरी सिंगापूरच्या एका इस्पितळात नर्स आहे, मुलगाही तिकडच्याच कारखान्यात. दोघंही रोज पहाटे अंधारात मोटारसायकलनं पूल ओलांडतात. “मी हिला म्हणायचो, तू पाणी मागत माझ्याकडे येशील,” अण्णा हसत म्हणाले. “आता माझीच पोरं पगार मागायला हिच्याकडे जातात.”

“तू कधी आलास? एकदा तरी माझं घर बघितलंस?” अक्का म्हणाल्या. पायसम खाताना त्यांना बळ आलं होतं.

“माझा जन्म तिथला. माझ्याच गावात शिरायला पासपोर्ट दाखवू? म्हणून मी काढलाच नाही.” हे त्यांनी असं सांगितलं की जणू कालच ठरवलंय. जवळजवळ चाळीस वर्षं तो माणूस, समोर दिवे दिसतात त्या गावी, हट्टानं गेला नव्हता.

ह्यांनी हळूच विचारलं, “अण्णा, शेवटी वेगळं झालं ते बरं झालं का वाईट?”

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. “तिच्या मुलीचं शिक्षण बघितलं की वाटतं, बरं झालं. आईचा दिवस आठवला की वाटतं, वाईट झालं. तुम्हाला काय उत्तर हवंय?”

ह्यांना काय उत्तर हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ते म्हणाले, “दोन्ही लिहून घेतो,” आणि पानावरचं शेवटचं लोणचं बोटानं पुसून खाल्लं.

संध्याकाळी परतताना रस्ता मोकळा मिळाला. सीमेवर अक्का नागरिकांच्या खिडकीतून सुळकन पलीकडे गेल्या. आमचे पासपोर्ट उलटसुलट बघितले जात होते तेव्हा मुक्ता म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी बहुतेक आम्हीही अक्कांच्याच रांगेत असू. नागरिकत्वासाठी अर्ज करतोय.” तिनं ते सहज सांगितलं, पण माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या देशात दोन पासपोर्ट चालत नाहीत. एक घ्यायचा तर दुसरा सोडायचा.  “चांगलं आहे,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. इराची शाळा, समीरची नोकरी, घर, सगळं तिथे. तरी लेकीच्या घरी जायला मला कायम कोणाची तरी परवानगी लागणार, हे त्या खिडकीसमोर पहिल्यांदा नीट कळलं.

अमरावतीला परत आलो तेव्हा पानठेल्यावर सगळे ह्यांची वाटच पाहत होते. पहिल्याच संध्याकाळी हे उशिरा घरी आले. “काय सांगितलंत?” मी विचारलं. म्हणाले, “सांगितलं, विदर्भ व्हायलाच पाहिजे. पण विदर्भाच्या वेशीवर कोणी काटा पाहायला उभा राहिला तर मी पहिला विरोधात.” म्हणजे वाद चालूच आहे, आणि मला त्याचं बरंच वाटलं. वेगळं व्हावं की होऊ नये, हे ठरवायची अक्कल मला नाही. पाण्याचे पाइप, रेल्वेचे रूळ, पेट्रोलचा काटा यांवर शहाणी माणसं भांडून-तंडून तोडगा काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भावाला बहिणीची वाट बघत उभं राहायला मात्र सात-आठ वर्षं लागली, तेही मी पाहिलं.

दोन-तीन महिन्यांनी मुक्ताचा फोन आला. गोविंदन अण्णा आले होते. मुलगा-सुनेबरोबर, नवा कोरा पासपोर्ट घेऊन. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, सिंगापूरला पहिल्यांदाच का? तर म्हणाले, नाही, पहिल्यांदा आलो तेव्हा रडत आलो होतो, इथंच जन्मलो. मग मजल्यावरच्या प्रत्येक घरी त्यांनी तो पासपोर्ट उघडून दाखवला. एकच शिक्का, पुढे सगळी पानं कोरी. अक्कांच्या दारात बसून ते कुरकुरत होते, एवढी पानं कशाला दिलीत, मी काय जग फिरणार आहे?

“मग अक्का काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, भर ना लाह. दर रविवारी एक.”

आम्ही दोघी हसलो.  

“आई,” मुक्ता म्हणाली, “तुझ्या पासपोर्टात किती पानं कोरी आहेत गं?”

“भरपूर,” मी म्हटलं.